सोडल्यावर थांबणारी मशीन

होमराज, आज सकाळी तुझ्या मशीनसमोर उभा राहून मी तुला इतक्या शिव्या घातल्या, की लग्नाच्या लॉनचे चौकीदार दुबेजी झाडू भिंतीला टेकवून माझ्याजवळ आले. म्हणाले, "भैया, जाने वाले को ऐसा नहीं बोलते." मी म्हटलं, "दुबेजी, था तब सुनता कहाँ था? अब उठ के भाग नहीं सकता. अब सुनेगा."

तर ऐक.

काल तुझी तेरवी झाली. पंगतीत लोक तुझ्याबद्दल इतकं गोड बोलत होते, की पानातली बुंदी फिकी लागली. देवमाणूस होता. साधा होता. मुंगीलासुद्धा कधी दुखवलं नाही. मुंगीला! गवतावरून पातं फिरवून पोट भरणाऱ्या माणसाबद्दल असं बोलण्याआधी एकदा मुंग्यांना तरी विचारायचं. मी मान खाली घालून भात कालवत बसलो. लोक हळहळले, एवढा बोलका माणूस, दोस्ताच्या दुःखाने मुका झाला. दुःख होतंच. पण मुका झालो होतो तो रागाने. तोंड उघडलं असतं तर पंगत अर्ध्यावर उठली असती.

माझा राग तुझ्या मशीनच्या हँडलला बांधलेल्या पट्टीवर आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेली, बोटभर रुंदीची, काळी रबरी पट्टी. गवत कापताना जी दांडी हाताने दाबून धरायची असते, ती तू या पट्टीने कायमची बांधून टाकली होतीस. दांडी सुटली की इंजिन बंद, हा त्या मशीनचा स्वभाव. तू तिचा स्वभावच बदलून टाकलास. म्हणून तू या लॉनवर पडलास तेव्हा मशीन थांबली नाही. ती चालत राहिली, आणि तिचा आवाज ऐकत मी स्वयंपाकघरामागे निवांत बसून राहिलो.

पंगत उठल्यावर तुझ्या बायकोने, कुंतावहिनीने, मला अंगणाच्या कडेला बोलावलं. म्हणाली, "भाऊजी, त्यांची मशीन इकू नका. मी चालवीन." मी हो म्हणालो. मग ती म्हणाली, "एक इचारू? मशीन बंद पडली असती, तं तुमी धावले असते का?"

झाडीपट्टीच्या नाटकांत मी अर्धं आयुष्य खलनायक केला. कुठलाही प्रश्न आला तरी माझ्याकडे संवाद तयार असतो. काल मात्र "उद्या लॉनवर या," एवढंच म्हणालो.

"मंग उद्याच सांगा," ती म्हणाली आणि ताटं उचलायला गेली.

म्हणजे आज. ती येते आहे, होमराज. दोन दिवसांनी इथे लग्न आहे, गवत घोट्याला लागतं आहे, तुझी मशीन ती पट्टी मिरवत उभी आहे, आणि मला उत्तर सापडत नाही. असल्या प्रश्नासमोर मला एकट्याला उभं करून तू निघून गेलास. शिव्या नको घालू तर काय आरती ओवाळू?

आपली जोडी कशी जमली हे आठवतं तुला? तिरोड्याकडे तुमच्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, माझं नाटक होतं. मी नायिकेच्या बापावर बंदूक रोखून उभा, सगळं पब्लिक चिडीचूप, आणि पहिल्या रांगेत पोतं अंथरून बसलेला एक शेतकरी खो खो हसतो आहे. पडदा पडल्यावर तो मागे आला आणि तोंडावर म्हणाला, "दादा, तुमी डोळे काढता ना, तेव्हा मले लई हसू येते." मी तोंडाला रंग तसाच ठेवून तुझ्याकडे डोळे काढून पाहिलं. तू म्हणालास, "पाहा, अजून येऊन राहिलं."

पुढे माझा घसा बसला. डॉक्टरांनी ओरडणं बंद करायला सांगितलं. न ओरडणारा खलनायक कुणाला हवा असतो? मी घरी बसून बायकोवर हळू आवाजात चिडत होतो, तेव्हा तू आलास. पोटात कायम एखादी योजना घेऊन फिरणारा माणूस तू. म्हणालास, "नाटक्या, पाहून राहिला का? रस्त्याच्या कडेच्या धानाच्या बांध्या जाऊन राहिल्या. जो तो लॉन टाकून राहिला." खरंच होतं. आपल्याकडे लग्न म्हटलं की लॉनच लागतं. काल जिथे धान होतं तिथे आज मंच, कारंजं आणि हिरवळ. "जिंदगीभर आपन गवत काढून धान लावलं," तू म्हणालास, "हे लोकं धान काढून गवत लावून राहिले. आता हे गवत कापन कोन?"

पहिली मशीन मी निवडली. कबूल आहे बाबा, रंग पाहून निवडली. लालचुटूक होती, नटीसारखी. बंगल्यासमोरच्या रुमालाएवढ्या हिरवळीसाठी बनवलेली, प्लास्टिकच्या अंगाची. तिला आपण शेताएवढ्या लॉनवर घातलं. दुपारपर्यंत तिच्यातून जळका वास यायला लागला आणि पावसाळ्यातल्या ओल्या गवताने तिचा गळाच दाबला. तू तिच्याकडे दयेने पाहिलंस. "हे शेळी हाये बे. आपल्याले बैल पाहिजे."

आणि मग तू बैल पाहायला नागपूरच्या शोरूममध्ये गेलास, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. गार हवेचं, चकचकीत फरशीचं ते दुकान. तू चपला दाराशी काढल्यास. मग एकेका मशीनभोवती चक्कर मारलीस, उकिडवा बसून पोटाखाली डोकावलास, चाक हाताने फिरवून त्याला कान लावलास. बैलबाजारात दात पाहून झाल्यावर तू जसा हुंकार द्यायचास, तसाच हुंकार दिलास. टाय लावलेल्या पोराला विचारलंस, "खाते किती? अन् दुखनं आलं तं हिचा दवाखाना कुठी?"

तोपर्यंत मी एका बसून चालवायच्या मोठ्या मशीनवर चढलो होतो. सिंहासन होतं ते! मी छाती काढून बसलो आणि म्हणालो, "होमराज, हीच." तू खांद्यावरचा दुपट्टा काढलास आणि तिच्या रुंदीवर धरलास. दुपट्ट्याला दोन गाठी मारलेल्या होत्या. मला कळेना. "हे स्वयंपाकघराच्या बाजूचं फाटक हाये," तू म्हणालास. "सीझनमधी मोठ्या फाटकावर कमान बांधलेली रायते. मशीन या बाजूनंच आत घालावं लागते. उतर खाली." गाठी कुठल्या कुठे राहिल्या होत्या. माझं राज्य तिथेच बुडालं.

तो टायवाला पोरगा हसायला लागला. अर्जुनी मोरगावचा निघाला तो. तुझी बोली ऐकताच त्याची शोरूमची भाषा गळून पडली. "काका, खरं सांगू? हे घ्या," म्हणत तो आपल्याला मागच्या ओळीत घेऊन गेला. चमक नसलेली मशीन. लोखंडी पत्र्याचं जाड अंग, चाकांत बेअरिंग, मागे चालत जायचं, पण चाकं आपल्या जोराने पुढे जाणारी. इंजिन असं, की आपल्याकडच्या पाण्याच्या पंपांवर हात बसलेला कुठलाही मिस्त्री ते उघडू शकेल. पातं, पट्टा, फिल्टर गोंदियात मिळेल. "लग्नाच्या सीझनमधी नागपूरचा माणूस येईपर्यंत थांबता येत नाई काका," तो म्हणाला, आणि तू त्याच्या पाठीवर थाप मारलीस. आपण तशा दोन घेतल्या.

आता नीट ऐक, कारण इथे मी साक्षीदार आहे. त्याच पोराने हँडलवरची दांडी दाखवली. म्हणाला, "हे दाबून धरलं तं इंजिन चालू. सोडलं का बंद. मानूस घसरला, पडला, तं पातं थांबलं पाहिजे म्हनून." आणि तू मान डोलावलीस. दोनदा डोलावलीस! तुला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा तू मला ठेवली नाहीस.

माझ्या संतापाचं खरं कारण हे, की तू निष्काळजी माणूस नव्हतास. निष्काळजी मी. मशीन आडवी करताना हवेचा फिल्टर वरच्या बाजूला राहिला पाहिजे, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं, हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की ते मी झोपेतही बडबडत असेन. राइस मिलच्या शेजारचं लॉन कापून आलो, की बाकी सगळं बाजूला ठेवून तू आधी फिल्टर काढायचास. त्यात कोंड्याची धूळ ठासलेली असायची. "हिचं नाक बुजलं," म्हणत तू ती झटकायचास. पात्याला धार लावून झाली की ते मधल्या भोकाने भिंतीतल्या खिळ्यावर अडकवायचास. एक बाजू खाली झुकली तर तेवढीच बाजू पुन्हा घासायची, नाहीतर मशीन थरथरते आणि माणसाचे हात झिणझिणतात. पोळ्याला दोन्ही मशीन धुऊन, तेल पाजून, हँडलला बेगड लावून अंगणात उभ्या करायचास आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावू द्यायचा नाहीस. लॉनवाला फोनवर ओरडत होता तेव्हा तू शांतपणे म्हणालास, "साहेब, आज बैलाची सुट्टी हाये."

आणि प्लगची टोपी! इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून प्लगची टोपी काढल्याशिवाय पात्याला बोट लावायचं नाही. एकदा मी विसरलो तर तू माझ्या हातावर फटका मारलास. दुबेजींच्या देखत. एवढा जपणारा माणूस तू. मग ती पट्टी कुठल्या तोंडाने बांधलीस?

पट्टीच्या आधीचे दिवस आठवतात मला. लग्नानंतरच्या लॉनवर काय काय पडलेलं असतं ते आपल्या दोघांनाच ठाऊक. दर थोड्या वेळाने कुणाला तरी दांडी सोडून खाली वाकावं लागायचं. एकाची मशीन गप्प झाली, की दुसरा लांबून ओरडायचा, "काऊऊन?" म्हणजे का थांबलास, आणि पहिल्याने उत्तर द्यायचं.

"खिळा!"

"काऊन?"

"चप्पल! नवरदेवाकडची दिसते!"

"काऊन?"

"दात!"

त्या दिवशी कुणा आजोबांची अख्खी कवळी गवतात हसत पडलेली होती. तू ती दुपट्ट्यात बांधून लग्नघरी नेऊन दिलीस आणि लाडू खाऊन आलास. डॉक्टरांनी मला ओरडायला बंदी केली होती, पण हे "काऊन" मी सोडलं नाही. नाटक गेल्यावर माझ्या नशिबात राहिलेला तेवढा एकच संवाद होता, आणि समोरून त्याला नेहमी उत्तर यायचं. हे तुला कधी बोललो नाही. आता बोलतो आहे, तर रागाच्या भरात बोलतो आहे, म्हणून फार मनावर घेऊ नकोस.

मग एक दिवस तुझी मशीन गप्प होणंच थांबलं. मी येऊन पाहिलं तर दांडीला पट्टी. मी आकाशपाताळ एक केलं. तू मशीनला टेकून उभा राहिलास, डोळे बारीक केलेस आणि सुरू झालास. "नाटक्या, माह्या बापाजवळ एक बैल होता. कासरा सोडला का उभा. हाकललं का दोन पावलं, सोडलं का उभा. बाप म्हने, हा बैल नाई, सरकारी नोकर हाये. हे मशीन तसंच. सोडल्यावर थांबनारं जनावर कामाचं नाई. मी हिले चालाले शिकवलं." आणि मशीन पुढे, तू तिच्यामागे हात पाठीशी बांधून, नांगरामागे चालावं तसा चालत गेलास.

काय सुंदर गोष्ट होती ती! मी भांडायचं विसरलो. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर त्या संध्याकाळी मी ती सगळ्यांना करून दाखवली. बैल झालो, तुझा बाप झालो, मशीन झालो. ट्रकवाले ताटावरून उठून पाहायला आले. सगळ्यांत जास्त तूच हसलास, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यानंतर मी पट्टीचं नाव काढलं की तू म्हणायचास, "ते बैलाचं करून दाखव ना," आणि मी गाढव, करून दाखवायचो.

आपलं शेवटचं भांडणसुद्धा अर्धवट राहिलं. मला बॅटरीवरची मशीन घ्यायची होती. पेट्रोल नाही, धूर नाही, दोरी ओढणं नाही, आणि आवाज जेमतेम. तू हट्टाने नाही म्हणत होतास. लॉनवर दिवसभर चार्जिंगला वीज कोण देणार, हे तुझं म्हणणं मला पटलं होतं. पण दुसरं कारण तू फार ऐटीत सांगितलंस. "आवाज पाहिजे बे. तू तिकडं, मी इकडं. आवाज येऊन राहिला म्हनजे मानूस ठीक हाये."

होमराज, हे वाक्य तू बोललास. तू!

त्या सकाळी धुकं होतं. ओल्या गवतावर पातं घालायचं नाही, म्हणून ऊन पडेपर्यंत आपण दुबेजींच्या शेगडीपाशी चहा घेत बसलो. तू डावा हात मांडीवर घासत होतास. मला वाटलं, थंडी. मग तू मंचाकडून सुरुवात केलीस. माझ्या मशीनचं पातं मंडपाच्या एका खिळ्याने खाल्लं होतं, म्हणून मी ती स्वयंपाकघरामागे नेली, फिल्टर वर राहील अशी आडवी केली, प्लगची टोपी काढली, आणि कानस घेऊन बसलो. सगळं तुझ्या शिकवणीप्रमाणे. तुझ्या मशीनचा आवाज जात होता, वळत होता, येत होता. मग तो एका जागी थांबला. बंद नाही झाला, नुसता एका जागी राहिला, थोडा जड. मला वाटलं, तू कोपरा काढतो आहेस. मी गाणं गुणगुणत पात्याला धार लावत राहिलो.

दुबेजी आले. "भैया, होमराजजी की मशीन दीवार को घास समझ के भिड़ी है."

मी हसलो. हसतच उठलो, हसतच गेलो. काय झालं असेल, याचा किस्सा कसा सांगायचा, हे मनात जुळवत गेलो. मशीन मंचाच्या मागच्या भिंतीला नाक लावून उभी होती. चाकं जागच्या जागी फिरून खड्डे करत होती, पात्याखालून चिखल उडत होता. तिच्यामागे झेंडूच्या वाफ्यातून एक पट्टा कापला गेला होता, बरोबर मशीनच्या रुंदीचा. तुझा पट्टा नेहमीच सरळ असायचा. मी त्या पट्ट्यावरून नजर मागे मागे नेत गेलो आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला तू होतास. कुशीवर. एक हात अजून हँडल धरल्यासारखा.

मी तुला हाका मारत होतो आणि मशीनच्या आवाजात मला माझीच हाक ऐकू येत नव्हती. दुबेजी पट्टी ओढत होते, ती सुटत नव्हती. शेवटी त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला. तरी ती लगेच गप्प झाली नाही. पोटातलं उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत गुरगुरत राहिली. तुझी शिकवण! सोडल्यावर थांबायचं नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मी विचारलं, पडल्या पडल्या गेला का? ते म्हणाले, सांगता येत नाही. बस, एवढंच. सांगता येत नाही. कदाचित मी धावून काही झालं नसतं. कदाचित झालं असतं. हे "कदाचित" तू माझ्या आणि वहिनीच्या मध्ये ठेवून गेलास.

आणि या सगळ्यावर कडी काय, ते ऐक. तेरवीच्या आधी, भेटायला आलेल्या बायका निघून गेल्यावर वहिनी सहज बोलून गेली. "त्यांचा डावा हात लई दुखे. दांडी धरून बोटं बधिर होत म्हनत. म्हनून त्यांनी ते पट्टी बांधली." मी म्हणालो, "पण तो तर बैलाचं सांगत होता." ती म्हणाली, "कोनता बैल? सासऱ्याजवळ तसा बैल कधी नव्हताच. ते मले म्हनत, नाटक्याले सांगू नोको हात दुखते म्हनून. तो गावभर करून दाखवन."

ऐकतोस? बैल नव्हताच!

हरामखोरा, तू मला गोष्ट दिलीस! दुखणं लपवायला गोष्ट दिलीस, आणि तीही माझ्यासारख्याला, जो गोष्टीपुढे आंधळा होतो. तुला माझी नस बरोबर माहीत होती. रडका चेहरा केला असतास तर मी तुला त्याच दिवशी गोंदियाला दवाखान्यात फरफटत नेलं असतं. तू बैल पुढे केलास. मी जन्मभर मंचावर लोकांना फसवलं आणि मंचासमोर पोतं टाकून बसलेल्या माणसाने मला फसवलं. टाळ्या! जोरदार टाळ्या!

आणि काय रे, मी तुझा हात गावभर करून दाखवला असता असं वाटलं तुला? असता. हो, दाखवला असता! पण दवाखान्यातून परत येताना. तू शेजारी बसलेला असताना. तुला हसू येईल असा.

सकाळी मशीनसमोर एवढं बोलून मी थांबलो होतो. दुबेजी चहा ठेवून पुन्हा झाडायला गेले. तेवढ्यात फाटक वाजलं. छोटं, स्वयंपाकघराच्या बाजूचं. तुझ्या दोन गाठींएवढं.

वहिनी तुझे बूट घालून आली होती, होमराज. पुढे चिंध्या कोंबलेल्या. गवत कापताना पाय झाकलेले पाहिजेत, हे तू घरीही बडबडत असणार. पदर कमरेला खोचलेला, डोक्याला तुझा दुपट्टा. मशीनजवळ आली, हँडलकडे पाहिलं. "हेच ते?"

मी सुरीने पट्टी कापली. एवढ्या दिवसांच्या उन्हाने रबर हँडलला चिकटलं होतं, खरवडून काढावं लागलं. तिथे काळा डाग राहिला आहे, तो जाणार नाही. मी पट्टी दुबेजींच्या शेगडीत टाकायला निघालो तर ती म्हणाली, "जाळू नोका, घान वास येते. कचऱ्यात टाका." कोणाची बायको म्हणायची!

मी तिला सगळं दाखवलं. तेल कसं पाहायचं, दोरी कशी ओढायची, वळताना वजन कुठे द्यायचं. तिने दांडी दाबली, सोडली. इंजिन बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा सोडली. बंद. तिने दोन-तीनदा नुसतं तेच केलं. मग कापायला लागली. कालचा प्रश्न तिने काढला नाही, मीही काढला नाही. मी भ्यालेला माणूस, माझी मशीन घेऊन पलीकडच्या टोकाला, फाटकाजवळ गेलो, पातं घट्ट करायचा बहाणा करून खाली बसलो आणि उत्तर शोधत राहिलो. हो म्हटलं तर तिच्या डोळ्यांसमोर कायमची ती पट्टी राहणार. नाही म्हटलं तर मी.

तिचा आवाज जात होता, वळत होता, येत होता. तिचा पट्टा वाकडा होता, इतक्या लांबूनही दिसत होतं. झेंडूच्या वाफ्याजवळ ती पोचली.

आणि मशीन गप्प झाली.

मी ठरवलं नव्हतं, होमराज. घशाने स्वतःच ठरवलं. सगळ्या लॉनवर आवाज गेला, मंचाच्या भिंतीवर आपटून परत आला.

"काऊऊन?"

थोडा वेळ काहीच नाही. मग वाफ्यापलीकडून, दमलेला, चिडलेला आवाज.

"हात दुखून राहिला जी!"

पाना हातातून कुठे पडला माहीत नाही. चहाचा कप लाथेने उडाला तेवढा कळला. वाफ्याला वळसा घालायचं सुचलं नाही, उरल्यासुरल्या झेंडूतून गेलो. पोचलो तेव्हा ती उभी होती, धडधाकट, मनगट चोळत, बोटं उघडझाप करत.

"एवढं धावून कायले आले? दुखते म्हनलं. तुटला नाई म्हनलं."

मला दम लागला होता. मी गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिलो. ती माझ्या बुटांना चिकटलेल्या झेंडूकडे पाहत राहिली, मग माझ्या तोंडाकडे. मग डोक्यावरचा दुपट्टा काढून तिने तोंड पुसलं आणि हळूच म्हणाली,

"धावले म्हनजे."

नुसती दांडी सोडायची होतीस, बे. सोडायची होतीस फक्त.